आईच्या बाहुलीची ठुशी

"आधी आईच्या गळ्यातली ठुशी काढ. आन हातातल्या हिरव्या बांगड्याबी," अमरसिंह म्हणाले. सायलीचा माऊसवरचा हात जागीच थांबला.

सायली चौसाळ्याची. लॅपटॉपवर रंगीत ठिपके भरून चौकोनी बाहुल्या काढायची, कापडावर टाके भरावेत तशा. दागिने रंगवण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चार पिवळे ठिपके अशा काही खुबीने बसवायची, की बाहुलीचा गळा झळाळून उठायचा.

शेजारच्या गावचे माजी सरपंच अमरसिंह यांनी नवा बंगला बांधला होता. वास्तुशांतीची पत्रिका सगळ्यांच्या मोबाइलवर जायची होती, आणि तिच्यावर घरातल्या माणसांच्या बाहुल्या हव्या होत्या. स्वतःचा बाहुला त्यांनी आपल्या दिवाणखान्यात सायलीच्या शेजारी बसून सजवून घेतला. साखळी जाड कर. अजून जाड. कडं दिसंना गेलंय. अंगठ्या दोन्ही हातांत दाखव. शेवटी बाहुल्याला मान उरली नाही, नुसतं सोनं उरलं. तेव्हा कुठे स्वारी खूश झाली.

त्यांच्या पत्नी राजश्रीबाई गेल्या साली वारल्या होत्या. त्यांची बाहुली वरच्या कोपऱ्यात, ढगात. तिला मंगळसूत्र, नथ, हिरवा चुडा, काही म्हणता काही कमी पडू द्यायचं नाही, असा हुकूम होता. "अहेव गेली ती. तिचा मान असतोय."

राहिली वत्सलाबाईंची बाहुली, अमरसिंहांच्या आईची. नवरा जाऊन त्यांना कैक वर्षं झालेली. सायलीने बेधडक तिलाही ठुशी आणि बांगड्या घातल्या. का नाही घालणार? नवरा गेला म्हणून बाईचे दागिने उतरवायचे नाहीत, असा ठराव ग्रामसभेत अमरसिंहांनीच मांडला होता. टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला, तो फ्रेम करून याच दिवाणखान्यात लावला. पोरीने ते सगळं खरं मानलं, एवढीच तिची चूक.

वत्सलाबाई मात्र हरखल्या होत्या. पडद्यावर बोट टेकवून म्हणाल्या होत्या, "अगं, ही तर माझीच ठुशी!" आणि या वयात चक्क लाजल्या होत्या.

"कावून काढायची, आण्णा? ठराव तर तुमचाच हाय," सायली म्हणाली.

"ठराव गावासाठी असतोय. ही पत्रिका पाव्हण्यांत जाणार हाय. लोक तोंडात शेण घालतील."

सायलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने वत्सलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी आपला मोकळा गळा पदराने झाकून घेतला होता. बोलल्या मात्र अगदी शांतपणे.

"काढ बाई. रीतच हाय ती. आन माझं झालं की ह्याचंबी काढ. साखळी, कडं, अंगठ्या, समदं. ह्याचीबी बायकू गेलीय की."

सायलीने पडद्यावरचं खोडरबर निवडलं आणि विचारलं, "सुरुवात कुणापासून करू, आण्णा?"

अमरसिंहांनी आपल्या लखलखत्या बाहुल्याकडे एकवार पाहिलं. त्यांचा हात आपसूक गळ्यातल्या साखळीवर गेला.

"राहू दे," ते म्हणाले. "दोघांचंबी राहू दे."