फडक्यावरची थुंकी

"थुंक," तात्याबा म्हणाला.

नकुशी थुंकली. पांढऱ्या फडक्यावर लाल डाग उमटला. बघ्या बाया पदर तोंडावर घेऊन मागं सरकल्या.

न्हावऱ्याबाहेरच्या माळावर वस्तीचे पंच बसले होते. तात्याबा त्यांच्यातला मोठा. त्याच्या हातात वाळकी काडी होती. ती मोडली की नकुशीचा संसार मोडला. मग आजच्या आज तिनं खुटबावला, माहेरी चालतं व्हायचं.

"बघा! क्षय हाय हिला, क्षय!" सासू बयाबाई ओरडली. "माझ्या ज्योतिबाला गिळंल ही."

ज्योतिबा, नकुशीचा नवरा, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला होता. आईपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

नकुशीला खोकला नव्हता. ताप नव्हता. मेंढरांमागं ती दिवसभर उन्हात चालायची. पण ते कुणी विचारलं नाही. राखुंडीनं दात घासायला लावायचे आणि फडक्यावर थुंकायला लावायचं, एवढीच ह्यांची डॉक्टरी. ह्या डॉक्टरीपायी किती बाया देशोधडीला लागल्या, त्याची गणती नाही. गणती मेंढरांची ठेवतात.

"मी शिरूरला मिशनच्या दवाखान्यात जाऊन आले," नकुशी म्हणाली. "डाक्टरनं छातीला नळी लावली. छाती साफ हाय. रगत हिरडीचं हाय."

"आन् हिरडीला काय धाड भरली?" तात्याबानं विचारलं.

"तिथल्या राहेल नर्सबाईंनी सांगितलं. दाताच्या मुळाशी घाण साचती. हिरडी सुजती, सडती, जरा घासलं की फुटती. ती घाण घासाबरुबर पोटात जाती, रगतात मिसळती, अंगातली ताकद खाती. तंबाखूच्या मिश्रीनं तर लईच वाढतं. म्हून मी मिश्री सोडली."

बयाबाई टाळी वाजवून हसली. "आईकलं का? मिश्री सोडली आन् रगत पडाया लागलं! मिश्री व्हती तवर एक थेंब न्हवता. मी लगीन झाल्यापासनं लावतीया. थुंकी काळी पडती, लाल न्हाई!"

पंचांनी माना डोलावल्या. तात्याबानं काडी दोन्ही हातांत धरली.

नकुशीनं पाण्याचा तांब्या उचलला आणि सासूपुढं आदळला.

"चुळा भरा, आत्याबाई. काळं समदं जाऊ द्या. मग राखुंडी घासा आन् थुंका. लाल न्हाई आलं तर काडी मीच मोडते."

"भरते की! तुला भिते का काय?"

बयाबाईनं चूळ भरली. काळं पाणी पडलं. परत भरली. पाणी पांढरं आलं तशी तिनं राखुंडी घेतली, तावातावानं घासली आणि फडक्यावर थुंकली.

नकुशीच्या डागापेक्षा मोठा डाग पडला. लालभडक, आणि त्यात पिवळा पू.

"आता बोला, आत्याबाई," नकुशी म्हणाली. "तुमाला कुठल्या गावाला धाडायचं?"

मागं एक बाई फिसकन हसली. बयाबाईनं तोंड पदरानं दाबून धरलं.

तात्याबानं गालातली तंबाखू बाजूला टाकली. तांब्या ओढला. चुळा भरल्या, बोटानं राखुंडी घासली आणि फडक्याच्या कोऱ्या कोपऱ्यावर थुंकला. तिथंही लाल.

काडी त्यानं न मोडताच खाली टाकली.

"ज्योतिबा, बायकूला घरी ने," तो म्हणाला.

माणसं उठली. तात्याबा मात्र फडक्याकडं बघत तसाच बसून राहिला.

"चला की, तात्याबा," एका पंचानं हाक मारली.

"असाच लाल डाग बघून माझ्या अनसाची काडी ह्याच हातानं मोडली मी," तात्याबा म्हणाला. "पोटची पोरगी. माघारी आली तवा घरात घेतली न्हाई. ताट येगळं केलं, गोठ्यात ठिवली. अजून तिथंच हाय. आन् ती रोज म्हनायची, आबा, येकदा माझ्या तोंडात तरी बघा."