वळणावरचा फ्लेक्स

"धोंडिबातात्या, खाली उतरा! पोटच्या पोरीच्या फोटोवर कोयता चालवताय?" नगराध्यक्ष भाऊंचा कार्यकर्ता ओरडला.

धोंडिबा शिडीवरून हलला नाही. महिन्यापूर्वी फाट्याच्या याच वळणावर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. त्या फ्लेक्सआडून ट्रक आला अन् स्कूटीवरची त्याची लेक शुभदा गेली. वळणावर कायम भाऊंचा कुठला ना कुठला फ्लेक्स; वर्षातला हा पाचवा बळी. पंचनाम्यात पाचही वेळा चूक मेलेल्याचीच; फ्लेक्सचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती.

मग त्याच बांबूंवर दुप्पट मोठा फ्लेक्स चढला. भावपूर्ण श्रद्धांजली! मधोमध हात जोडलेले भाऊ, रस्त्याकडच्या कोपऱ्यात हसणारी शुभदा. फोटो धोंडिबानेच दिला होता. एवढा मोठा माणूस आपल्या लेकीसाठी हात जोडतोय, म्हणून त्याचा ऊर भरून आला होता.

आज तो हार घालायला आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांदेखत फ्लेक्सआडून टेम्पो आला आणि सायकलवरची शाळकरी मुलगी वीतभर अंतराने वाचली. तसाच तो शेजारच्या रसवंतीतला कोयता उचलून हारासाठी लावलेल्या शिडीवर चढला होता.

"तात्या, निदान तिचा चेहरा तरी सोडा!"

"समोरची गाडी त्या चेहऱ्यामागंच लपतीय," धोंडिबा म्हणाला, आणि त्याने शुभदाच्या कपाळावर कोयता टेकवला.