तडाख्याचा धाकटा भाऊ

‘जुना वाचक’ सकाळी सव्वासातलाच उत्तर देऊन मोकळा झाला होता. दुकानाचं शटर वर करता करता चष्मेवाल्यानं ते मोबाइलवर वाचलं आणि त्याचा दिवस नासला.

चाहतामंडळात कुणा पोरानं विचारलेला प्रश्न साधा होता. चित्रकथांमधला महानायक तडाखा उडताना डोळे का मिटतो? जुन्या वाचकानं लिहिलं होतं, “त्याला उंचीची भीती वाटते, बाळा. पण खाली कुणीतरी हाक मारत असतं ना!” त्याखाली दोनशे बदाम.

ही भीती चष्मेवाल्याच्याच कोशातली. बावीस वर्षं खपून त्यानं तडाख्याच्या चारशे अंकांचा कोश इंटरनेटवर उभा केला होता. तडाख्याचा लेखक टोपणनावानं लिहायचा, त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, आणि आता तर त्यानं लिहिणंही सोडलं होतं. त्यामुळे चाहतामंडळात चष्मेवाल्याचा शब्द शेवटचा असे. चार महिन्यांपूर्वी हा उपटसुंभ आला आणि सगळे त्याच्यामागे लागले.

“सवत आल्यासारखं काय करताय?” गल्ल्यावर बसलेली बायको हसली.

“चोर आहे तो. माझंच वाचतो आणि गोड करून सांगतो.”

“मग पकडा ना!”

तेवढ्यात एक बाई वडिलांचा जाड भिंगांचा नवा चष्मा न्यायला आली. “बरं झालं वेळेत दिलात. उठल्या उठल्या वाचायला लागतं त्यांना. रोज तेच तेच.”

चष्मेवाल्याचं लक्ष नव्हतं. त्याला सापळा सुचला होता.

त्यानं कोशात एक ओळ घुसडली. तडाख्याला एक धाकटा भाऊ होता, तो लहानपणी गर्दीत हरवला. चारशे अंकांत असा भाऊ कुठंच नव्हता.

दोनच दिवसांत जुन्या वाचकानं त्या भावावर लिहिलं. “म्हणून तडाखा कुठल्याही गर्दीत आधी लहान हात शोधतो.” मंडळ हळहळलं. चष्मेवाल्यालाही भरून आलं, आणि याचाच त्याला जास्त राग आला. असलं वाक्य त्याला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

त्यानं जाहीर करून टाकलं. असा भाऊ नाहीच, ती ओळ मीच रचली, हा माणूस चोर आहे. संध्याकाळपर्यंत मंडळानं जुन्या वाचकाला हाकललं. चष्मेवाला शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ती बाई परत आली. चष्म्याची काडी तुटली होती.

“पडला?”

“बाबांनी फेकला.” तिची नजर भिंतीवरच्या तडाख्याच्या चित्रावर गेली आणि डोळे भरून आले. “ह्याच्यापायीच सगळं. वर्षभर त्यांना काही आठवत नाही हो. कुणा भल्या माणसानं ह्याचा कोश केलाय, तो रोज सकाळी नव्यानं वाचतात. मग त्या मंडळात पोराबाळांशी बोलतात. तेवढाच वेळ खुशीत असतात.”

चष्मेवाल्याच्या हातातला पेचकस थांबला.

“काल तिथून हाकललं. म्हणे, तसा भाऊच नाही. तेव्हापासून चारशे अंक जमिनीवर पसरून बसलेत आणि मला एकच विचारतात, ‘सगळं मीच लिहिलंय ना गं? मग माझा धाकटा कुठं गेला?’”