अर्धी मच्छरदाणी

“ही मच्छरदाणी कुणी दिली तुम्हाला?” डॉक्टरबाईंनी विचारलं, तशी घरातली बाई खाट अडवून उभी राहिली.

दिसायचं ते दिसलं होतं. खाटेवर तिचं पोर गाढ झोपलं होतं आणि त्याच्यावर मच्छरदाणी होती. मच्छरदाणी कसली, अर्धीच. एका कडेला कारखान्यातली सरळ शिवण, दुसऱ्या कडेला जुन्या चादरीची पट्टी लावून हाताने घातलेले वेडेवाकडे टाके.

दारातले साहेब मनात म्हणाले, संपलं. ते मुख्य कचेरीतून आले होते, न चालणारी कामं बंद करायला. कचेरीत त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘वजाबाकी’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरबाईंचा सगळा अभ्यास एका साध्या गोष्टीवर उभा होता. वरच्या वस्तीत घरोघरी औषध लावलेल्या मच्छरदाण्या द्यायच्या, खालच्या वस्तीत, म्हणजे इथे, वर्षभर द्यायच्या नाहीत, आणि दोन्हीकडच्या पोरांचं रक्त तपासत राहायचं. मलेरिया झाला तर औषध दोन्हीकडे मिळणार होतं. फरक दिसला तर मच्छरदाण्या सगळ्या मुलखातल्या पोरांना मिळणार होत्या. नाही दिसला तर कुणालाच नाही. आणि फरक दिसतच नव्हता. खालची पोरंही बरीचशी ठणठणीत निघत होती.

“बहिणीनं दिली,” बाई शेवटी म्हणाली. “वरच्या वस्तीत दिलंय तिला. तिच्या पोराचा ताप गेला, तर म्हणाली, माझ्या एकटीचंच पोर बरं का व्हावं? कापून अर्धी घेऊन आली. इथं सगळ्यांच्याच बहिणी देतात.” मग हळूच विचारलं, “काढून नेणार का?”

“नाही हो.” डॉक्टरबाई वाकल्या. सुटलेली कड त्यांनी गादीखाली नीट खोचली. केस पिकले होते त्यांचे या तापाच्या मागे धावून, पण हात आईचे असावेत तसे चालत होते.

साहेब त्यांना अंगणात घेऊन आले. “तुम्हाला माहीत होतं?”

“असतं तर त्याच दिवशी तुम्हाला कळवलं असतं.” डॉक्टरबाई म्हणाल्या. “रक्त तपासायला पोरांना शाळेत बोलावत होते मी. घरात एकदाही डोकावले नाही.”

साहेब तसे दगडाचे नव्हते. “अर्ध्या मच्छरदाण्यांचं अहवालात नको घालायला,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “काम अपुरं राहिलं, एवढंच लिहू. तुमचं नाव तरी राहील.”

“नाव घेऊन काय करू? आकड्यांत फरक नाही, तेव्हा पोरांना मच्छरदाणीचा उपयोग नाही, असा अर्थ निघेल त्यातून. चूक माझी झाली, असं लिहा. अगदी ठळक लिहा.”

साहेबांनी आजवर पुष्कळ विद्वानांच्या सारवासारवी ऐकल्या होत्या. हे ऐकलं नव्हतं. त्यांना या बाईंपुढे एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

डॉक्टरबाई मात्र निघता निघता थबकल्या. वळून दारातल्या बाईला म्हणाल्या, “आणि जिला वरच्या वस्तीत बहीण नाही, ती काय करते?”

बाईने हनुवटीनेच शेजारचं घर दाखवलं. “काय करणार? तिचं पोर बघा ना, सारखं तापानं फणफणतं.”

डॉक्टरबाई जवळजवळ पळतच निघाल्या. शेजारच्या घरात मच्छरदाणी नव्हती. पोर तापलं होतं. बोट टोचून रक्त घेतलं, मलेरियाच निघाला. औषध देऊन त्या पुढच्या घरात शिरल्या. तिथे बहीण होती, अर्धी मच्छरदाणी होती, आणि पोर कोंबडीमागे धावत होतं. त्याच्या पुढच्या घरात यातलं काहीच नव्हतं, फक्त ताप होता.

साहेब आधी नुसते मागे मागे चालत होते. मग बॅग त्यांनी एका ओट्यावर ठेवली आणि समोरच्या ओळीतली दारं स्वतःच वाजवू लागले. “ताई, वरच्या वस्तीत बहीण आहे का तुमची?” असा प्रश्न त्यांनी जन्मात कुणाला विचारला नव्हता. बायका तोंडाला हात लावून हसत होत्या. पण उत्तरं देत होत्या, आणि फरक दारागणिक दिसत होता.

ऊन कलताना साहेबांनी कोठाराला फोन लावला. “मच्छरदाण्यांची गाडी खालच्या वस्तीकडे सोडा. आजच.”

“साहेब, बंद करायला गेला होतात ना तुम्ही?” पलीकडचा कोठारवाला चक्रावला. “आणि शिल्लक थोड्याच आहेत, सगळ्यांना पुरायच्या नाहीत. आधी कुणाला द्यायच्या?”

साहेबांनी समोर पाहिलं. डॉक्टरबाई उंबऱ्यावर बसून एका रडक्या पोराच्या बोटावर फुंकर घालत होत्या.

“जिला बहीण नाही,” वजाबाकी म्हणाले, “तिला आधी.”