अर्धी तुझी, अर्धी माझी

"दोघींनी गोळ्या अर्ध्या-अर्ध्या वाटून खाल्ल्या?" डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"मग काय!" सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, एकीला गुडघ्याचं औषध, एकीला नुसती पिठाची गोळी. धाकट्या जावेला पीठ चारून मी औषध खाऊ? लोक काय म्हणतील?"

"अहो, पण गुण कशानं आला ते आता कसं कळणार? तुम्ही दोघी औषधाच्या चाचणीतून बाद. उरलेल्या गोळ्या परत द्या."

सगुणाबाईंनी गोळ्यांची डबी दिली. गुडघा छान वाकत होता. दुखत होतं ते भलतंच. घरं वेगळी झाल्यापासून जाऊ उंबऱ्याशी फिरकली नव्हती. गोळीच्या निमित्ताने मात्र रोज टेकाड चढून यायची, चहा पिऊन जायची. आता कशाला येईल?

संध्याकाळी त्यांनी सवयीने दोन कपांचं आधण ठेवलं आणि मग एक कप पाणी काढून टाकलं.

"जाऊबाई!" जाऊ दारात धापा टाकत उभी होती. पदराआडून तिने डिंकाचा लाडू काढला आणि मधोमध मोडला.

"औषध कुठल्या अर्ध्यात आहे, ते विचारायचं नाही हं!"

सगुणाबाईंनी आधणात पुन्हा कपभर पाणी ओतलं.