दाखवायचे दात

बारा वर्षांनी परदेशाहून आलेली ताई उतरली ती शिवणवर्गातल्या धाकट्या मैत्रिणीकडेच. हिने उशांना झालर लावली, मशीन आठवडाभर झाकून ठेवलं. आणि ताई रमली कुणात, तर हिच्या जावेत! जावेच्या पाचकळ विनोदांवरही बत्तीशी दाखवत हसायची. “अहो, किती गोड बोलता तुम्ही!” हिला मात्र, “ए बाई, चहा पाणचट झालाय.” हिचा नुसता जळफळाट. दुपारी ताईच्या उशाशी ग्लास आदळत ही म्हणालीच, “खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे!” ताईने दार लोटलं, तोंडात बोटं घालून अख्खी कवळी काढली आणि हिच्या तळहातावर ठेवली. “हे दाखवायचे. हसून हसून हिरड्या सोलवटल्या,” बोळक्या तोंडाने म्हणाली. “सुनेनेसुद्धा मला असं पाहिलेलं नाही.” तेवढ्यात बाहेरून जावेची हाक आली, “ताई, येऊ का?” हिने मूठ मिटली, कडी घातली. “ताई झोपलीय!”