पडद्यावरचा र

पडदा उजळला, पण अक्षर उमटेना. कुसुमबाईंनी एकेक करत सगळ्या कळा दाबून पाहिल्या. जिनिंगच्या फाटकात कापसाच्या गाठींचा ट्रक हॉर्न वाजवत होता. गेटपास हातात पडल्याशिवाय तो हलणार नव्हता.

मॅनेजर दिनकरराव पाठीशी येऊन उभे राहिले. "आता काय झालं?"

"जेवणाच्या सुट्टीत झोपला होता कॉम्प्युटर, साहेब. उठला, पण कळा चालंनात."

"झोपला? इथं आमाला डुलकी घ्यायची सोय न्हाई अन् हा झोपायलाय! ही चौथी खेप हाय, बाई. उद्या ह्याला नांदेडला परत धाडतो. मग तुमाला तरी ठिऊन काय करू? रंगनाथराव, तुमचं मशीन काढा."

शेजारच्या टेबलावर रंगनाथराव याचीच वाट पाहत होते. बावीस वर्षे या ऑफिसचा प्रत्येक कागद त्यांच्या टाइपरायटरमधून गेला होता. यंदा दसऱ्याला झेंडूचा हार कॉम्प्युटरला पडला, टाइपरायटरला एक फूल. वाळलं तरी ते त्यांनी काढलं नव्हतं. आता काढलं.

चार मिनिटांत गेटपास झाला. ट्रक गेला.

"शाब्बास!" म्हणत दिनकरराव केबिनमध्ये शिरले.

"तुमचं बरं हाय, काका," कुसुमबाई म्हणाल्या. "ते कधी झोपतच न्हाई." डोळे भरले तशा त्या तोंड धुवायला नळावर गेल्या.

मागच्या आठवड्यात नांदेडचा इंजिनिअर आला तेव्हा कुसुमबाई रजेवर होत्या. तो रंगनाथरावांना सांगून गेला होता, झोपेतून उठल्यावर कळा चालल्या नाहीत तर मागची जाड वायर काढून पुन्हा लावायची. बाईंना तेवढं सांगा.

त्यांनी सांगितलं नव्हतं.

एवढ्यानं खरंच होतं का, ते त्यांना पाहायचं होतं. ते उठले. वायर काढली, लावली. सवयीनं आपल्या नावाचं अक्षर दाबलं.

पडद्यावर र उमटला. खट्ट नाही, शाई नाही. कोरल्यासारखा. त्यांच्या टाइपरायटरचा र सात वर्षांपासून तुटका उमटत होता.

नळ बंद झाला. त्यांनी घाईनं वायर अर्धी उपसली आणि जागेवर येऊन बसले.

कुसुमबाई पदरानं तोंड पुसत आल्या. पडद्याकडे पाहत राहिल्या. एक कळ दाबली, दुसरी दाबली. र तिथंच होता.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "ह्याला आत्ता कुणी उठवलं व्हतं?"

रंगनाथराव टाइपरायटरवर खोळ चढवत होते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ती उलटी चढली.